ऐकण्यात चूक

नाव पुकारलं गेलं तेव्हा मेघा दारापाशी उभी होती आणि तिचं सगळं लक्ष डाव्या बुटात होतं. बूट नवा होता, टाचेला चावत होता. शनिवार, जळगावच्या कोर्टात लोकअदालत, आणि मुख्यालयातून बंदोबस्ताला पाठवलेल्या बाराजणांत ती एक. सकाळपासून समोरच्या टेबलाशी माणसं येत होती. वीजबिलाचा वाद, अपघाताची भरपाई, भावाभावांमधली भिंत, असं काहीबाही मिटवून सह्या करून जात होती. ती कुणाकडेच बघत नव्हती. न बघता उभं राहणं तिला गेल्या दीड वर्षात चांगलं जमायला लागलं होतं. मग शिपायाने 'निर्मलकुमार' एवढंच वाचलं, आडनावाला तो अडखळला, आणि मेघाने मान वर केली. निर्मलशेठ आले. पावलांच्या बाहेरच्या कडांवर भार देत चालायचे ते, तळवा पुरता टेकायचा नाही. आताही तसेच आले. मागून उपनिरीक्षक सैंदाणे आले, साध्या कपड्यांत, पांढऱ्या कडक शर्टात. निलंबनात माणूस सुकतो म्हणतात, हे उलट भरले होते. वकिलाने तडजोडीचा कागद वाचायला घेतला. सगळीकडे गलका होता, तरी तिला शब्द न शब्द ऐकू आला. वादीने सदरचा दावा गैरसमजातून दाखल केलेला असून प्रतिवादीने वादीस कोणतीही मारहाण केलेली नाही. औषधोपचारापोटी ठरलेली रक्कम मिळाली असून वादीची आता कोणाविरुद्धही तक्रार राहिलेली नाही. टेबलामागच्या न्यायाधीशबाईंनी विचारलं की समजलं ना, राजीखुशीने सही करताय ना. निर्मलशेठ 'हो' म्हणाले आणि सही केली. सैंदाण्यांनी हात पुढे केला. शेठनी दोन्ही हात जोडले, त्यामुळे तो हात थोडा वेळ तसाच राहिला आणि मग खिशात गेला. बाहेर पडताना शेठ मेघाच्या अगदी जवळून गेले. त्यांची नजर तिच्या छातीवरच्या नावाच्या पट्टीपर्यंत आली, तिथे थांबली, वर चेहऱ्यापर्यंत चढली नाही. कोणतीही मारहाण केलेली नाही. मेघाने ते वाक्य मनात पुन्हा म्हणून पाहिलं. साधं, सरळ, कोर्टातलं वाक्य. आता ते शेठ, सैंदाणे आणि न्यायाधीशबाई अशा तिघांच्या सहीचं होतं, त्यावर शिक्का होता. मग त्या दुपारी मी काय ऐकलं होतं, असं तिला वाटलं, आणि टाच इतकी दुखायला लागली की तिने भिंतीला हात टेकला.

तीन वर्षांपूर्वीचा डिसेंबर. ती तेव्हा एका तालुक्याच्या ठाण्यात होती, ठाणे अंमलदाराच्या टेबलावर मदतनीस. डायरी लिहायची, फोन घ्यायचे, आलेल्याला बसा म्हणायचं. निर्मलशेठचं जामनेरला भांड्यांचं दुकान. चोरीची तांब्याची तार विकत घेतल्याचा संशय होता म्हणून सैंदाण्यांनी त्यांना दुपारी तीनच्या सुमारास आणलं. आणलं याची नोंद कुठेच झाली नाही. आत्ता डायरीला घेऊ नका, विचारपूस करून सोडायचंय, असं सैंदाणे म्हणाले आणि तिने पेन खाली ठेवलं. पेन खाली ठेवणं ही गोष्ट किती लहान असते. आजही कधी भाजीची यादी करताना ती पेन खाली ठेवते आणि हाताला ते आठवतं. शेठ खोलीत गेले तेव्हा त्यांनी चपला बाहेर काढल्या होत्या, एखाद्याच्या घरी जाताना काढाव्यात तशा, जोडीने, भिंतीलगत. वरचा कॅमेरा महिनाभर बंद होता. मग पट्ट्याचा आवाज सुरू झाला. ओल्या सतरंजीवर काठी पडावी तसा. एक, मग थांबणं, मग पुन्हा एक. थांबणंच जास्त वाईट होतं, कारण त्यात पुढचा कधी येतो याची ती वाट बघायची, आणि आला की सुटल्यासारखं वाटायचं, आणि सुटल्यासारखं वाटल्याची लाज वाटायची. माणूस ओरडत नव्हता. दर वेळी खालच्या आवाजात 'अरिहंत' म्हणत होता. तासाभराने त्या शब्दाचा फक्त शेवट उरला, मग तोही नाही. मध्ये एकदा सैंदाणे फोन घ्यायला अंगणात गेले आणि दाराच्या फटीतून शेठ म्हणाले, "ताई, पाणी मिळेल का? लवकर मिळालं तर बरं." लवकर म्हणजे काय, ते तिला कळलं नाही. तिने अंगणाकडे पाहिलं. सैंदाण्यांनी फोन कानाला तसाच ठेवून नुसता हात हलवला, आत्ता नको. ती थांबा म्हणाली. सैंदाणे बाहेर गेले तेव्हा सव्वासहा झाले होते. तिने स्टीलचा पेला घासूनपुसून भरला आणि आत नेला. शेठ जमिनीवर पाय पसरून बसले होते, ओठ पांढरे पडले होते. त्यांनी आधी खिडकीकडे पाहिलं, मग पेल्याकडे, आणि मान हलवली. घ्या ना, ती म्हणाली. त्यांनी हात जोडले. तिला वाटलं हा राग आहे, माझ्या हातचं नको आहे. तिलाही राग आला. वर्दीतल्या बाईने स्वतःहून पाणी आणलं आणि हा माणूस नको म्हणतो. तिने पेला खाली आपटला, थोडं पाणी सांडलं आणि फरशीवर पसरत त्यांच्या पायापर्यंत गेलं. सकाळी त्यांना सोडलं तेव्हा पेला तसाच भरलेला होता.

शेठनी तक्रार केली. वरच्या साहेबांकडे, मग आणखी वर, मग भरपाईचा दावा. सैंदाणे निलंबित झाले, विभागीय चौकशी लागली, आणि ती चौकशी धुळ्याच्या एका उपअधीक्षकांकडे गेली. त्या दिवशी ड्युटीवर कोण कोण होतं त्या यादीत मेघाचं नाव तिसरं होतं. पहिले दोघे जाऊन आले होते. एक म्हणाला मी समन्स बजवायला गेलो होतो, दुसरा म्हणाला मी दवाखान्यात होतो. मेघासाठी जेवण ठरलं होतं. त्या ठाण्याचं लिखाण सांभाळणारे रायटर नथ्थू भाऊ, जुने हवालदार, कोणाच्या वाईटावर नसलेला माणूस, त्यांनी तिला जिन्याखाली उभं करून सांगितलं की तू घरी जेवायला गेली होतीस आणि सासूबाईंना बरं नव्हतं म्हणून थांबलीस, एवढंच, यात कोणाविरुद्ध काही नाही. खरोखरच त्यात कोणाविरुद्ध काही नव्हतं. जळगावहून धुळ्याला जाणाऱ्या बसमध्ये तिने ते वाक्य पारोळ्यापर्यंत पाठ केलं, पुढे नुसती खिडकीबाहेर कापसाच्या पऱ्हाट्या बघत बसली. तिथे दिवसभर बसवून ठेवलं. बाक एकच होता. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला निर्मलशेठ आणि त्यांच्या पत्नी प्रेमकुंवरबाई. बाईंच्या डोक्यावरून पदर, मांडीवर डब्याची पिशवी. दुपारी शेठना आत बोलावलं, ते बाहेर आले, पुन्हा बोलावतो म्हणाले म्हणून पुन्हा बसले. सव्वापाचला प्रेमकुंवरबाईंनी डबा उघडला आणि त्यांच्या हातात दिला. धुळ्यातच देवपूरला राहणाऱ्या भावाकडून भरून आणलेला डबा असावा, कारण त्या म्हणत होत्या की भाभींनी मुद्दाम दुपारीच पोळ्या केल्या. शेठना जेवण जात नव्हतं. त्या हळूच म्हणाल्या, "दोन घास खाऊन घ्या. सूर्य आहे तोवर पाणी तरी प्या. नंतर आत किती वेळ लागेल काय माहीत." शेठनी खिडकीकडे पाहिलं. उजेड किती उरलाय ते पाहिलं, आणि पाणी प्याले, घाईघाईने, गळ्याची घाटी वरखाली होताना दिसेल इतकं. मेघाने त्यांना तसंच खिडकीकडे पाहताना पूर्वी एकदा पाहिलं होतं. तिच्या आयुष्यात जैन माणसं काही कमी नव्हती, किराण्याचं दुकान, शाळेतली मैत्रीण. सूर्यास्तानंतर ते पाणीही घेत नाहीत हे तिला माहीत होतं. माहीत होतं, पण त्या दिवशी पेला हातात असताना ते तिच्यापाशी आलंच नव्हतं. तो राग नव्हता. त्या माणसाने लवकर मागितलं होतं, आणि ती थांबा म्हणाली होती, आणि दिवस गेला होता. मग त्याने सगळी रात्र त्या भरलेल्या पेल्याशेजारी काढली होती.

आत तिचं नाव पुकारलं. उपअधीक्षकांनी विचारलं की त्या दिवशी दुपारी तीन ते सहा तुम्ही कुठे होता. जेवायला हा शब्द तिच्या तोंडात तयार होता, चावून मऊ झालेला. ती म्हणाली, "टेबलावर होते, साहेब. सगळं ऐकलं." टाइप करणाऱ्याची बोटं थांबली. उपअधीक्षक चांगला माणूस होता, किंवा दमलेला होता. त्यांनी काय बोलताय ते कळतंय ना असं विचारलं, आणि टाइप करा म्हणाले. तिने डायरीत नोंद न घेतल्याचं सांगितलं, पट्ट्याचं सांगितलं, चपला बाहेर होत्या तेही सांगितलं. पाण्याचं कोणी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. प्रत्येक पानावर सही केली. बाहेर आली तेव्हा बाक रिकामा होता. परतीच्या बसमध्ये तिला हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. भूक मात्र खूप लागली.

पंधरा दिवसांत तिची मुख्यालयाला बदली झाली. बदलीच म्हणायची, शिक्षा कोणी म्हटलं नाही. मग बंदोबस्त. मिरवणूक, सभा, परीक्षा, मंत्र्याचा दौरा, कोर्ट. उभं राहणं. पोलीस लाइनीत शेजारच्या बायका अजून पापड लाटायला बोलवायच्या, पण ती गेली की बोलणं मुलांच्या अभ्यासावर यायचं. ड्युटीच्या ठिकाणी चहा यायचा, मोजून यायचा, आणि एक कप कमी असायचा. कोणी तिचा मुद्दाम वगळला असं नव्हे, तिचा कप धरायचा हेच कोणाच्या लक्षात येत नसे. नवरा प्रेमराज वीज कंपनीत लाइनमन. तो कधी का बोललीस असं म्हणाला नाही. फक्त तो खांबावर चढायला जाताना पूर्वी जे सांगून जायचा, आज अमुक फीडरवर आहे, ते सांगणं त्याने बंद केलं. सासू भागाबाई पारोळ्याकडची, अहिराणी बोलणारी. तिला एवढंच कळलं होतं की सुनेने साहेबाविरुद्ध साक्ष दिली. ती गहू निवडता निवडता एकदा म्हणाली, "खरं सांगं ना तू? मंग घाबरस कसाले?" मेघाला हसू आलं होतं. खरं सांगणं हे एखाद्या ठिकाणी जाऊन यावं तसं असतं असं सासूला वाटत होतं. गेलीस, आलीस, झालं. मेघाला वाटायचं की ती अजून तिथेच आहे, धुळ्याच्या त्या खोलीत, आणि रोज नव्याने तेच सांगते आहे, आणि बोटं थांबलेली आहेत. एक मात्र होतं. आपल्याबरोबर दुसऱ्या टोकाला तो माणूस आहे, हे तिला आत कुठेतरी धरून होतं. दोघांचं म्हणणं एकच होतं. त्याच्या पायांनी आणि तिच्या कानांनी दिलेलं एकच म्हणणं. आणि आता शनिवारी त्याने 'हो' म्हणून सही केली होती. त्याचा राग तिला करता येईना. त्याला आजही नीट चालता येत नव्हतं, आणि त्याच्या मुलाला, संयमला, दर पंधरा दिवसांनी दुकानातल्या मालाच्या पावत्या घेऊन ठाण्यात हजर राहावं लागत होतं, हे तिने ऐकलं होतं. राग येत नव्हता, पण त्या बाकाचं एक टोक एकदम वर उचललं गेलं होतं आणि ती दुसऱ्या टोकावरून घसरत होती.

महिन्याभरात सैंदाण्यांवरचे आरोप सिद्ध होत नाहीत असा निकाल लागला. तक्रारदारच काही झालं नाही म्हणतो आहे. मग मेघाला नोटीस आली. तक्रारदाराच्या तडजोडपत्राशी विसंगत असा जबाब देऊन आपण वरिष्ठ अधिकाऱ्याची व दलाची प्रतिमा मलिन केली, तरी आपणावर कारवाई का करू नये याचा खुलासा सात दिवसांत सादर करावा. तिने तो कागद तीनदा वाचला. त्यात खोटं कुठेच नव्हतं. विसंगत होताच तिचा जबाब. नथ्थू भाऊ स्वतःहून घरी आले. निवृत्त झाले होते, तरी दाढी रोजच्यासारखी केलेली. त्यांनी प्रेमराजला बसवलं, मेघाला बसवलं, आणि सांगितलं की यातून सोपी वाट आहे. खोटं बोलले असं लिहायचं नाही, कोणी मला सांगायला लावलं असंही नाही. फक्त एवढंच लिहायचं, की त्या वेळी ठाण्यात वर्दळ होती, बाजूला गाळ्याचं बांधकाम चालू होतं, सबब ऐकण्यात चूक झाली असावी. "असावी लिही," ते म्हणाले. "झाली नको लिहूस. असावी म्हटलं की कोणी अडत नाही." प्रेमराजने कपाटातून कोरे कागद आणून तिच्यापुढे ठेवले, आणि ते ठेवताना त्याचा हात इतका हळू होता की तिला त्याचीच दया आली. तिने लिहिलं. सुरेख अक्षरात लिहिलं, डायरी लिहिणाऱ्याचं अक्षर सुरेख असतं. लिहिताना तिला खरंच बांधकाम आठवायला लागलं. सतरंजी, काठी, विटांवर पडणारी करणी. आवाज आवाजासारखाच असतो. चौथ्या दिवशी तर तिला खात्रीने सांगता येईना. पाचव्या दिवशी सकाळी आंघोळ करताना तिने कान पाण्याखाली धरून पाहिले.

सातव्या दिवशी तिने जो कागद दिला तो हा नव्हता. तो एका ओळीचा होता, माझा धुळे येथील जबाब खरा आहे, आणि त्याबद्दल तिची दोन वर्षांची वेतनवाढ रोखली गेली. सैंदाणे पुन्हा रुजू झाले. एकदा मुख्यालयाच्या आवारात समोर आले तेव्हा त्यांनी तिच्या सासूची तब्येत विचारली, अगदी आपुलकीने, आणि ती बरी आहे म्हणाली. दुसरं काय म्हणणार. बंदोबस्त चालू आहे. चहाचा कप अजून कमी पडतो. नथ्थू भाऊ तिला पाहिलं की रस्ता बदलतात, रागाने नाही, अवघडल्यासारखे. हे सगळं पुढचं. मध्ये सहावा दिवस होता. त्या दुपारी प्रेमराज कामावर होता, भागाबाई पुढच्या खोलीत गहू निवडत होती, आणि दारात प्रेमकुंवरबाई उभ्या होत्या, एकट्या, डोक्यावरून पदर, हातात काहीच नाही. जामनेरहून एसटीने आल्या होत्या. कोणाला न सांगता आल्या होत्या. मेघाने त्यांना आत स्वयंपाकघरात नेलं, पाटावर बसवलं. त्यांनी पाणी घेतलं. तडजोडीबद्दल त्या काही सांगतील, माफी मागतील, अशी मेघाला भीती वाटत होती. त्या तसलं काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "त्या कागदावर लिहिलंय की काही झालं नाही. मला वाचून दाखवलं. तीन वर्षं मी त्यांना विचारते, तर ते म्हणतात काय सांगायचं, झालं ते झालं. आता तर म्हणतात काही झालंच नाही, सही केली आहे. मग हा माणूस रोज पहाटे उठून पाय बादलीत घालून का बसतो? मी कोणाला विचारू? तुम्ही एकट्याच होतात तिथे. मला सांगा."

मेघाने सांगितलं. सुरुवातीला जबाबासारखं सांगायला गेली, वाजता आणि सुमारास, पण बाई तिच्या तोंडाकडे बघत होत्या आणि समोर टाइप करणारं कोणी नव्हतं, त्यामुळे हळूहळू ते शब्द गळून पडले. चपला कशा काढून ठेवल्या होत्या ते सांगितलं. ते काय म्हणत होते, कितीदा, आणि कधीपासून म्हणेनासे झाले, ते सांगितलं. पाण्याचंही सांगितलं, सगळं, थांबा म्हटल्याचं, पेला आपटल्याचं. हे तिने प्रेमराजलाही कधी सांगितलं नव्हतं. सांगताना ती एकदाही थांबली नाही, कारण थांबली तर बाई उठून जातील असं तिला वाटत होतं. प्रेमकुंवरबाई रडल्या नाहीत. त्यांनी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. बाहेरच्या खोलीत सुपातल्या गव्हाचा आवाजही थांबला होता. मग बाईंनी विचारलं, "तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"माझ्या टेबलावर."

"म्हणजे किती लांब?"

मेघाला ते सांगता येईना. फूट म्हणावं, हात म्हणावं, काही जुळेना. पुरावा म्हणून त्या विचारत नव्हत्या. त्यांचा नवरा त्या खोलीत किती एकटा होता ते त्यांना मोजायचं होतं. ती उठली. त्यांना तिथेच पाटावर बसा म्हणाली आणि चालायला लागली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत दोन पावलं झाली. पुढच्या खोलीत भागाबाईने सूप बाजूला ओढून वाट दिली. पाच, सहा. बाहेरचं दार. ती दाराबाहेर ओट्यावर आली, आणखी एक पाऊल टाकलं आणि थांबली. इतकंच होतं. लाइनीत ऊन पडलं होतं, समोर कोणीतरी पोलिसाची धुतलेली वर्दी दोरीवर घातली होती, शेजारच्या घरात टीव्ही लागला होता. ती घराकडे पाठ करून उभी राहिली, तेव्हा टेबलावर बसायची तशी. आपल्याला इथून काहीच ऐकू आलं नाही तर, असं तिला वाटलं. आतून काही आलं नाही. मग प्रेमकुंवरबाई बोलल्या. घरातल्या घरात, आपल्या मारवाडी बोलीत, नवऱ्याला हाक मारत असतील तशा, आवाज जराही न चढवता.

"सुणो हो?"

मेघाने डोळे मिटले.

"हो," ती म्हणाली. "ऐकू येतंय."